मर्यादेबाहेरचा पगार

एनिड हार्डकॅसलने मांस भरलेली गरम पाई कागदात गुंडाळली, कागदाची दोन्ही टोके मुरडली आणि पुडी बर्नार्डपुढे सरकवली. बर्नार्डने ती उचलली नाही. त्याने काउंटरवर वर्तमानपत्र पसरले होते आणि रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात तो वाचत होता.

“स्टॅनबरो क्लबचं गेल्या मोसमाचं विजेतेपद रग्बी लीगनं काढून घेतलं आहे. खेळाडूंच्या एकूण पगारावरची मर्यादा क्लबनं चोरून ओलांडल्याचं चौकशीत सिद्ध झालं.” त्याने चष्म्यावरून रांगेकडे पाहिले. “चोरून. शब्द त्यांचा आहे, माझा नाही.”

“मी तेव्हाच म्हटलं होतं,” रांगेतली एक बाई म्हणाली. “एवढी सगळी चांगली पोरं तेवढ्या पैशांत एका क्लबात राहतात कशी?”

“कशी ते पण दिलंय, ऐका. कर्णधाराला राहायला अध्यक्षाच्या भावाचं घर. फुकट. दुसऱ्या एकाच्या मेव्हण्याला कुठल्याशा कंपनीत नोकरी. त्या मेव्हण्यानं कंपनीचं दार पाहिलेलं नाही. आणि तिसऱ्याची बायको केस कापायच्या दुकानात मॅनेजर. पगार असा, की राणीचेच केस कापत असणार.”

दुकानभर हशा पिकला. एनिडही हसली. हसता हसता तिने पुढच्या गिऱ्हाइकाला दोनऐवजी तीन पाई बांधल्या, मग एक परत काढून ठेवली.

“अंतिम सामन्यात त्यांच्याकडून कोण हरलं होतं?” बर्नार्डने विचारले. हा माणूस तीस वर्षे बस चालवून निवृत्त झाला होता आणि अजूनही सगळे आपल्या मागे बसले आहेत असेच बोलत असे. “आपण. फक्त चार गुणांनी. चोराकडून चार गुणांनी हरणं म्हणजे जिंकणंच की. कप आता गार्थलीला यायला पाहिजे.”

“येईल, येईल,” कुणीतरी म्हणाले. “आपल्यासारख्या सरळ क्लबाला नाही द्यायचा तर कुणाला?”

मागच्या टेबलाशी एनिडची जुनी मदतनीस नोरीन पीठ लाटत होती. ती हसली नव्हती. पण कामात असताना ती एरवीही हसत नसे.

*

पंधरा वर्षांपूर्वी ही मर्यादा आली तेव्हा एनिडचा नवरा जेफ्री जिवंत होता. त्यानेच तिला ती समजावून सांगितली होती, रविवारच्या जेवणानंतर, टेबलावरची भांडी न उचलता. त्याआधी मोसम संपला की शहरातले क्लब गार्थलीत यायचे आणि वर्षभर इथे तयार झालेली दोन-तीन चांगली पोरे उचलून न्यायचे. त्यांच्याकडे पैसा होता, गार्थलीकडे नव्हता. त्यात कुणाची चूक नव्हती. नव्या नियमाने मात्र बाराही क्लबांना एकच माप लावले. सगळ्या खेळाडूंवर मिळून वर्षाला अमुक इतकाच खर्च करायचा, मग तिजोरी केवढीही असो.

“म्हणजे बघ,” जेफ्री म्हणाला होता, “त्यांनी तीन मोठे घेतले, की चौथ्याला द्यायला उरत नाही. तो चौथा आपल्याकडे येतो. आणि रविवारी काय होईल ते शनिवारी कुणालाच सांगता येत नाही. ते आधीच माहीत असेल तर मैदानावर जाईल कोण?”

तसेच झाले होते. गिरण्या गेल्या, पोहण्याचा तलाव बंद पडला, आगगाडी थांबेनाशी झाली; पण वर्षातून तीन-चार रविवार असे यायचे, की गार्थलीची पोरे शहराच्या संघाला चिखलात लोळवून यायची आणि सोमवारी दुकानात येणारा प्रत्येक माणूस बोटभर उंच दिसायचा. जेफ्री त्या नियमाबद्दल देवाधर्माबद्दल बोलावे तसा बोलत असे.

जेफ्री दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत गेला. मार्चमध्ये क्लिफर्ड होल्ट एनिडच्या घरी आला. क्लिफर्डचे फर्निचरचे दुकान होते, तो क्लबचा अध्यक्ष होता, आणि शाळेत एनिडच्या मागच्या बाकावर बसत असे. चहा संपेपर्यंत तो हवापाण्याचे बोलला.

“मानासे जायचं म्हणतोय, एनिड.”

मानासे तौफा टोंगा बेटांवरून आलेला. त्याच्या अंगावर तिघे लटकले तरी तो पुढे चालत राहायचा. दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात जेफ्री उशाशी रेडिओ ठेवून त्याच्या नावाची वाट पाहत असायचा.

“कुठे जातोय?”

“जिथे जास्त मिळेल तिथे. त्याचं तरी काय चुकलं? आणि आमची मर्यादा काठोकाठ भरली आहे. एक पेनी वाढवता येत नाही.” क्लिफर्डने कप बशीत नीट बसवला. “त्याची बायको घरीच असते. तिला काम हवंय. तू ठेवून घे. पगार मी सांगतो तेवढा दे. तुझ्यावर भार नाही पडायचा. मैदानावरच्या पाई क्लब तुझ्याकडूनच घेतो, त्यांचा भाव वाढवू.”

एनिडला समजायला वेळ लागला नाही. “हे चालतं का, क्लिफर्ड?”

“बायकांनी नोकरी करायला लीगची बंदी नाही.” त्याची नजर दारामागच्या खुंटीवरच्या कोटाकडे गेली. “जेफ्री असता तर—”

“जेफ्रीला मध्ये आणू नकोस.”

पण ती हो म्हणाली. पुढे तिने स्वतःला पुष्कळदा विचारले, का? क्लिफर्डच्या शब्दासाठी नव्हे, कपासाठीही नव्हे. त्या घरात त्या दिवशी आणखी कुणी जातेय हे ऐकायची तिची तयारी नव्हती, एवढेच तिला सापडले. त्याने तिचे समाधान होत नसे.

लुपे तौफा नावापुरती चार दिवस येईल आणि मग येईनाशी होईल, असे एनिडने धरले होते. लुपे सोमवारी पहाटे पाचला दाराशी उभी होती, आणि नंतर रोज. थोराड बांध्याची, हळू आवाजात आपल्या भाषेतली प्रार्थनागीते गुणगुणणारी. तिला वाटत होते, आपल्याला नोकरी लागली आहे. नोरीनने तिला सगळे शिकवले. गरम पाण्यात चरबी विरघळवून पीठ कसे मळायचे, ते निवायच्या आत साच्यावर कसे चढवायचे, कडा दाबताना अंगठा कुठे ठेवायचा. वर्षभरात लुपेच्या कडा जवळजवळ नोरीनच्या कडांसारख्या दिसू लागल्या. जवळजवळच.

तिचा पगार नोरीनच्या तिप्पट होता.

शुक्रवारी एनिड दोन पाकिटे भरायची. नोरीनचे काउंटरवर द्यायची, लुपेचे मागच्या खोलीत. नोरीनला माहीत नाही, असे तिने ठरवून टाकले होते. आणि एकदा ठरवल्यावर ते खरे आहे का, हे पाहायला ती कधी गेली नाही.

गेल्या मोसमात गार्थलीने उपान्त्य सामन्यात एल्मथॉर्पला तेरा-बारा असे हरवले. शेवटची पाच मिनिटे उरली असताना मानासे पाठीवर दोघांना आणि पायाला एकाला घेऊन रेषेपलीकडे गेला आणि चेंडू टेकवला. अंतिम सामना स्टॅनबरोने घेतला. हिवाळ्यात मानासेला फ्रान्समधल्या क्लबाने नेले. जाताना लुपे नोरीनच्या गळ्यात पडून रडली. एनिडशी तिने हात मिळवला.

*

बातमीनंतरच्या आठवड्यात क्लिफर्ड दुकानात आला आणि काउंटरच्या आत, मागच्या खोलीत जाऊन उभा राहिला.

“कप आपल्याला देणार आहेत. अजून कुठे बोलू नकोस, पण ठरल्यातच जमा.”

“अख्खं गाव बोलतंय.”

“बोलू दे. त्याआधी लीग आपलाही कारभार तपासणार. नुसता सोपस्कार. एक माणूस येईल, दोन-चार ठिकाणी जाईल. तुझ्याकडेही येईल.” त्याने आवाज खाली आणला. “ती काम करत होती की नाही? करत होती. रोज येत होती की नाही? येत होती. तेवढंच सांग. खोटं काहीच बोलायचं नाहीये तुला.”

“आणि स्टॅनबरोचं?”

“त्यांनी घरं वाटली, एनिड. आपण एका बाईला पाई करायला लावल्या. कशाची तुलना कशाशी करतेस?”

क्लिफर्ड गेल्यावर तो टेकला होता ते फडताळ एनिडने पुसले, ते स्वच्छ असतानाही.

गावात हिरव्या-पिवळ्या पताका लागल्या. खाटकाच्या दुकानात काचेआड मांसाच्या तुकड्यांच्या मधोमध कपासाठी म्हणून रिकामी जागा सोडली होती. बर्नार्ड रोज नवी बातमी आणत होता: उघड्या बसमधून मिरवणूक निघणार, बस तोच चालवणार. त्याने एनिडला सांगितले, “जेफ्रीसाठी पुढची जागा ठेवणार आहे. रिकामी. कुणाला बसू द्यायचं नाही.”

ती आत जाऊन भट्टीचे दार उघडून उभी राहिली, चेहरा लाल झाला त्याला काहीतरी कारण असावे म्हणून.

पीठ घेऊन येणारा डेरेक एल्मथॉर्पचा होता. गुरुवारी त्याने पोती उतरवली, पावतीवर तिची सही घेतली आणि नेहमीसारखा लगेच निघाला नाही.

“अभिनंदन म्हणायचं होतं,” तो म्हणाला. “आमच्याकडे थोडं जड गेलं तुमचं जिंकणं. तो एक गुण. त्यानंतर प्रायोजक गेला, तीन चांगली पोरं गेली, पैसे नाहीत म्हणून लीगनं खालच्या गटात टाकलं. पोरांची शाळा चालवायचो क्लबाची, तीही बंद केली. पण मी घरी म्हटलं, हरलो ते खऱ्या संघाकडून हरलो. त्या स्टॅनबरोसारख्यांकडून नाही. त्यात मनाला बरं वाटतं बघा.”

“चहा घेतोस?” एनिडने विचारले.

“नको, अजून चार ठिकाणी जायचंय. तुमचं ते टोंगाचं पोरगं मात्र भारी होतं. त्याला आमच्याकडे आणायचा विचार होता एकदा. पण आमच्या मर्यादेत बसेना.”

तो गेला. एनिडने पावतीची तिची प्रत घडी घालून खिशात ठेवली, बाहेर काढली, पुन्हा ठेवली. टेबलापलीकडून नोरीन तिच्याकडे पाहत होती. नोरीनच्या डाव्या मनगटाला पट्टा होता; आठ वर्षांपासून लाटण्याने तिथे सूज होती, आणि हवा थंड झाली की ती उजव्या हाताने तो पट्टा घट्ट करत असे. तिने तो आता घट्ट केला आणि लाटू लागली.

*

लीगचा माणूस मंगळवारी दुपारी आला, जेवणाची गर्दी ओसरल्यावर. त्याचे नाव ऑल्सप. पन्नाशीचा, ओल्या कोटाचा, दारातल्या पायपुसण्यावर चारदा बूट पुसणारा. एनिडने त्याला मागच्या टेबलाशी खुर्ची दिली. नोरीन तिथेच कडा दाबत होती. तिला बाहेर पाठवायला काही सबब नव्हती.

“मी फार वेळ घेणार नाही, मिसेस हार्डकॅसल. लुपे तौफा तुमच्याकडे कामाला होत्या.”

“वीस महिने.”

“काय काम करायच्या?”

“पीठ मळणं, साचे भरणं, कडा. शनिवारी काउंटरवर.”

“रोज येत होत्या?”

“रोज.”

ऑल्सपने एक कागद पाहिला. “पगार बराच दिसतो. या व्यवसायाच्या मानानं म्हणतोय मी.”

“चांगली होती कामाला,” एनिड म्हणाली. हे वाक्य तिने आठवडाभर घोळवले होते. ते तोंडातून सहज बाहेर आले, हेच तिला लागले.

ऑल्सप नोरीनकडे वळला. “तुम्ही त्यांच्याबरोबर काम केलंत?”

“केलं.”

“त्यांचं काम आणि तुमचं काम, यांत काही फरक होता का? माफ करा, मला हे विचारावंच लागतं.”

नोरीनने हातातली पाई ताटात ठेवली. एप्रनला हात पुसले, आधी एक, मग दुसरा.

“होता. मी संथ आहे. मनगट असं, त्यामुळे आणखीच. ती एकटी तिघींचं काम उरकायची. तिला माझ्या तिप्पट मिळत होतं, ते बरोबरच होतं. माझ्यासारख्या तीन मिळाल्या असत्या, तिच्यासारखी एक मिळाली नसती.”

ऑल्सपने ते लिहून घेतले. एनिड टेबलाच्या कडेला धरून उभी होती. पगाराचा आकडा या खोलीत कुणी उच्चारला नव्हता. तिप्पट हा शब्द नोरीनने कुठूनतरी आपल्याबरोबर आणला होता.

“आभारी आहे,” ऑल्सप म्हणाला. “मला वाटतं, इथलं झालं.” उठताना त्याने ताटाकडे पाहिले. “एक विकत घेता येईल का? फुकट घ्यायची परवानगी नाही मला.”

एनिडने पाई बांधली, पैसे घेतले, त्याने मागितली म्हणून पावती दिली. तो गेला. दार बंद झाले. मागे नोरीनने लाटणे उचलले आणि ती पुढच्या गोळ्याला लागली, जणू कुणी आले नव्हते आणि तिने काही म्हटले नव्हते. तिचे ओठ मात्र पांढरे पडले होते.

एकोणीस वर्षांत नोरीनने चार तास शिळी पाईदेखील तसे सांगितल्याशिवाय कधी विकली नव्हती.

एनिड एप्रनवरच बाहेर पडली. बारीक पाऊस पडत होता. ऑल्सपची गाडी चर्चसमोर होती. आत बसून तो गुडघ्यांवर रुमाल पसरून पाई खात होता. तिने काचेवर टकटक केली. त्याने घाईने काच खाली केली.

“ती तिघींचं काम करत नव्हती,” एनिड म्हणाली.

“मिसेस हार्डकॅसल, भिजताय तुम्ही. आत बसा.”

“नको. बसले तर सांगणार नाही.” तिने काचेच्या कडेवर हात ठेवला. “लुपे चांगली होती. पण शिकत होती. ती नोरीनच्या निम्मं करायची, शेवटी शेवटी पाऊण. तो पगार तिच्या कामाचा नव्हता. तिच्या नवऱ्याचा होता. क्लबाच्या मर्यादेत बसत नव्हता म्हणून माझ्या दुकानात आणला. मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं.”

“लुपे तौफांना माहीत होतं?”

“नाही.”

“आणि तुमच्या त्या दुसऱ्या बाई?”

एनिडच्या केसांतून पाणी गालावर उतरले. “तिचं नाव यात घालू नका. ती जे बोलली ते खोडून टाका. तिच्यासारख्या तीन मिळतील असं कुणी कागदावर लिहून ठेवू नये.”

ऑल्सपने उरलेली पाई रुमालात गुंडाळून समोर ठेवली. “हेच तुम्हाला चार माणसांसमोर पुन्हा सांगावं लागेल. तुमच्या क्लबाचं काय होईल, याची कल्पना आहे ना?”

“माझा नवरा असता तर त्यानं मला अजून चांगलं समजावलं असतं,” ती म्हणाली. “पण आहे कल्पना.”

ती परतली तेव्हा नोरीन काचेशी उभी होती. तिने एनिडला कोरडा टॉवेल दिला. पुढचे तीन आठवडे ती कामापुरतेच बोलली. मीठ संपत आलंय. मधली भट्टी तापत नाही. उद्या चाळीस पाई करायच्या की तीस?

*

लीगचा निकाल शुक्रवारी आला. त्यात एनिडची साक्ष नावानिशी होती. गेल्या मोसमाच्या रकान्यात विजेता म्हणून कुणाचेच नाव राहणार नव्हते. गार्थलीला दंड झाला आणि येत्या मोसमाची सुरुवात सहा गुण वजा करून करायची होती. क्लिफर्ड होल्टने त्याच दिवशी राजीनामा दिला. सही करण्यापूर्वी त्याने एनिडला फोन केला आणि तिने उचलल्यावर बराच वेळ नुसता श्वास घेत राहिला, मग ठेवून दिला.

सोमवारी बर्नार्ड आला नाही. बुधवारी तिने त्याला समोरच्या फुटपाथवर पाहिले. त्याच्या हातात सुपरमार्केटची पिशवी होती, आणि दुकानासमोरून जाताना त्याने मान वळवली नाही, तीस वर्षे एकाच रस्त्यावर बस चालवलेल्या माणसाने वळवू नये तशी. कुणी काही फेकले नाही, कुणी शिवी दिली नाही. लोक फक्त दुसरीकडून जेवण घेऊ लागले. खाटकाने काचेआडच्या रिकाम्या जागेत सॉसेज मांडले.

गुरुवारी डेरेकने पोती उतरवली. या वेळी ती आत रचून ठेवायला तो थांबला, सगळी, एकावर एक. मग टोपी काढून हातात धरली.

“तेरा-बारा,” तो म्हणाला. आणखी काहीतरी म्हणायचे त्याच्या मनात होते. पण ते सापडेना तेव्हा त्याने टोपी पुन्हा घातली आणि तो गेला.

त्या दिवशी सकाळी अकरापर्यंत सात पाई गेल्या. भट्टीत चाळीस होत्या. नोरीन सवयीने पुढच्या खेपेचे पीठ लाटत होती. एनिड तिच्यासमोर येऊन बसली.

“लाटू नकोस इतकं. कोण खाणार?”

नोरीन लाटत राहिली. “तू त्याच्या गाडीपाशी गेलीस ते मी बघत होते.”

“माहीत आहे मला.”

“आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसासमोर मी स्वतःला कमी म्हटलं. गावासाठी म्हटलं. सोपं नव्हतं मला ते. आणि तू पाच मिनिटांत जाऊन ते धुऊन आलीस.”

“मला ते ऐकवलं नाही, नोरीन.”

“ऐकवलं नाही,” नोरीन म्हणाली. “ते पाकीट मात्र देववलं दोन वर्षं.”

एनिडने मान खाली घातली. टेबलावरच्या पिठात तिच्या बोटांनी रेघ ओढली, ती तिने पुसून टाकली.

“तुला कधी कळलं?”

“दुसऱ्याच महिन्यात. लुपे पगाराची चिठ्ठी घेऊन आली माझ्याकडे. कर कापलेला तिला समजत नव्हता. मी समजावून दिला. मग तिनं विचारलं, इथे सगळ्यांना एवढंच मिळतं का? म्हणाली, गावी आईला पत्रात लिहायचंय.” नोरीनने चादरीसारखे पीठ उचलून उलटे टाकले. “मी म्हटलं, हो गं पोरी, एवढंच मिळतं.”

“तू मला बोलायचं होतंस.”

“मी बोलायचं होतं?”

बाहेरून एक माणूस गेला, दाराशी हळू झाला आणि पुढे गेला. एनिडने त्याच्याकडे पाहिले नाही.

“उद्यापासून तुला तिला देत होते तेवढं देते,” ती म्हणाली. “दुकान चाललं नाही तरी देते. घर आहे माझं, विकेन. आणि मागचंही—”

“नको.”

“नोरीन—”

“तो पगार मानासेचा होता. दुसऱ्या बाईच्या नवऱ्याच्या खांद्यांचे पैसे मला नकोत.” नोरीनचा आवाज चढला नव्हता. “मला माझ्या कामाचे दे. इतकी वर्षं तुला जे परवडलं ते तू दिलंस, आणि मी घेतलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण माझं काम केवढ्याचं, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. आज सांग.”

एनिडने तोंड उघडले. तिच्या मनात पहिला आला तो नोरीनचा आत्ताचा पगार, मग लुपेचा, मग या दोहोंच्या मधला काहीतरी, ज्याच्यामागे त्या दोन आकड्यांखेरीज काहीच नव्हते. एका दुकानात एक बाई एकोणीस वर्षे पहाटे पाचला येते, आणि तिच्याविना दुकान एक दिवस उघडले नसते. हे केवढ्याचे, ते तिने एकदाही मनात मांडून पाहिले नव्हते. मर्यादा कुणी घातली नव्हती. तिने स्वतःच घातली होती, आणि ती आहे हेही तिला माहीत नव्हते.

“किती, एनिड?”

नोरीनने लाटणे बाजूला ठेवले, मनगटाचा पट्टा सैल केला आणि ती हात बांधून उभी राहिली. भट्टीतून पाई झाल्याचा वास आला, मग थोडा जास्त झाल्याचा. दोघींपैकी कुणीही हलले नाही.